कांदा, काटा आणि कायदा : बाजार मोकळा म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचा फोटो महाराष्ट्रभर फिरला. सहा महिन्यांनी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. आता चिंता उलटी होती: शहरात कांदा महाग होऊ नये.

या दोन बातम्यांवरून पारावर आणि टीव्हीवर जे भांडण झालं, तेच जगात दोन-अडीचशे वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, सरकारनं बाजारातून हात काढून घ्यावा, सगळं आपोआप मार्गी लागेल. दुसरी म्हणते, बाजारावर सोडलं तर मोठा मासा लहान माशाला गिळेल. मुक्त बाजार, भांडवलशाही, नियमन हे शब्द दोन्हीकडून येतात आणि ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. मला हे सगळं कांद्यावरून समजलं, म्हणून कांद्यावरूनच सांगतो. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मोकळीक आणि बंधन यांचे जितके प्रकार कांद्यानं सोसलेत, तितके दुसऱ्या फार थोड्या पिकांच्या वाट्याला आले असतील.

भाव म्हणजे निरोप

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टर रांगेनं लागतात. लिलाव पुकारणारा एकेका ट्रॉलीजवळ येतो, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका. कोणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, कोणी सालीचा रंग बघतो, बोली चढते आणि बघता बघता आकडा ठरतो.

त्या आकड्यात काय काय मावलेलं असतं? कर्नाटकात पावसानं खरिपाचा कांदा किती नासला, गुजरातेत महुव्याकडे पीक कसं आहे, बांगलादेशातून मागणी किती, गावोगावच्या चाळींत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर खोपटांत, कोंब फुटायला लागलेत का. हे सगळं एकट्या कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येकाजवळ तुकडा असतो, आणि ते तुकडे भावात येऊन मिळतात. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये हाच मुद्दा मांडला: देशभर विखुरलेली ही माहिती एका कचेरीत गोळा करून भाव ठरवणं कुठल्याही सरकारला जमणार नाही.

भाव चढला की काय होतं बघा. शेतकरी चाळीतला कांदा थोडा आधी बाहेर काढतो. हॉटेलवाला ताटातल्या कांद्याऐवजी कोबी ठेवतो. व्यापारी मध्य प्रदेशातून गाडी मागवतो. तिघांनाही कुणी हुकूम दिलेला नसतो. भाव हाच त्यांना पोचलेला निरोप. याउलट भाव पडला तर पुढच्या हंगामात काही जण कांदा सोडून मका लावतात.

आता तीन शब्दांचे अर्थ एकदाच सांगून टाकतो. घेणारा आणि देणारा यांच्या राजीखुशीनं भाव ठरतो, तिसरा कुणी तो लादत नाही, तो मुक्त बाजार. जमीन, कारखाने, यंत्रं, पैसा खासगी मालकीचे असतात, नफ्यासाठी गुंतवले जातात आणि बाकीचे लोक मजुरीवर किंवा पगारावर काम करतात, ती भांडवलशाही. आणि या व्यवहारात काय चालेल, काय चालणार नाही हे सरकारनं कायद्यानं ठरवणं म्हणजे नियमन.

भांडवलदाराला मोकळा बाजार आवडतोच असं नाही

पहिले दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, आणि निम्मा गोंधळ तिथंच होतो. मोकळ्या बाजारात कालचा यशस्वी माणूस उद्या एखाद्या नवख्याकडून हरू शकतो. ज्याचं बस्तान बसलंय त्याला हे नको असतं. म्हणून तो दोन गोष्टी करतो: स्पर्धकांशी आतून हातमिळवणी, नाहीतर सरकारकडून कुंपण.

हातमिळवणीचं मोठं उदाहरण सिमेंटचं. जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अकरा सिमेंट कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला संगनमताच्या कारणावरून सुमारे ६३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. घर बांधणाऱ्याला वाटत होतं की भाव बाजारात ठरतोय.

कुंपणाचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर असलं पाहिजे, हा नियम वर्षानुवर्षं चालत आला. कारण सांगितलं जातं की कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचा ऊस घेणारा दुसरा कुणी जवळ येऊच शकत नाही. हे नियमनच आहे, आणि ते गिऱ्हाईक किंवा उत्पादक यांच्यापेक्षा कारखान्याला जास्त जपतं. बाजाराच्या बाजूनं सगळ्यात भक्कम मांडणी करणाऱ्या अॅडम स्मिथनं १७७६ मध्येच बजावलं होतं की एकाच धंद्यातले लोक एकत्र जमले की भाव वाढवण्याचं कारस्थान शिजतं.

रुमालाखालचा भाव

नियम अजिबात नसले तर बाजार जास्त मोकळा होतो का? पूर्वी शेतमालाच्या बाजारात हत्ता पद्धत होती. अडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. समोर उभ्या शेतकऱ्याला कळायचंच नाही की आपल्या मालाला कुणी किती बोली दिली. वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर. धर्मादायापासून नमुन्यापर्यंत कापण्या त्याच्याच मनाच्या. सरकार कुठंही मध्ये नव्हतं, राजीखुशी म्हणायची तर ती होती, पण एकाच्या डोळ्यावर पट्टी बांधलेली होती.

वऱ्हाडात कापसासाठी कारंजाला १८८६ मध्ये नियमांनी चालणारा बाजार उभा राहिला. त्यामागे लँकेशायरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा इंग्रजांचा स्वार्थ होता. स्वतंत्र महाराष्ट्रानं १९६३ मध्ये कृषी उत्पन्न पणन कायदा केला. उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवानाधारक व्यापारी, ठरलेल्या कपाती, हिशोबपट्टी. रुमाल गेला. या नियमांनी भाव ठरवला नाही. भाव ठरताना दोघांनाही एकमेकांचा हात दिसेल एवढं बघितलं. म्हणून मी याला बाजारावरचं बंधन म्हणत नाही. अशा नियमांनीच बाजार खऱ्या अर्थानं बाजार झाला.

नियम कागदावर असणं आणि पाळले जाणं यांत अंतर राहतंच. माझ्या मामाच्या ट्रॉलीला एकदा लिलावात चांगला भाव लागला. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या आवारात, माल खाली होताना त्यानं कांद्यात पत्ती जास्त आहे म्हणून क्विंटलमागे दीडशे रुपये कमी केले. याला आमच्याकडे ‘वांधा’ म्हणतात. अर्धी ट्रॉली रिकामी झालेली असते, तो कांदा परत भरून दुसरीकडे नेणं परवडत नाही, आणि दाद मागायला समितीच्या कचेरीत गेलं तर दिवस मोडतो. मामा काही बोलला नाही. घरी आल्यावर जेवला नाही, एवढं मला आठवतं.

कुंपणच शेत खातं तेव्हा

शेतकऱ्याला वाचवायला बांधलेली बाजार समितीची भिंत पुढं त्यालाच अडवू लागली. नियमन केलेला माल आवाराबाहेर विकायला बंदी होती. परवाने मोजक्यांकडे, गाळे मोजक्यांकडे, आणि त्यांची मुलं तेच परवाने पुढं चालवणार. नवा व्यापारी आला नाही की बोली चढत नाही. वर आडत, म्हणजे विक्री करून देण्याची दलाली, विकणाऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला या बंधनातून मोकळा केला आणि आडत खरेदीदाराकडून घ्यायची ठरलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. मोकळ्या बाजाराला विरोध कुणाचा असतो ते त्या दिवसांत स्पष्ट दिसलं.

कारखानदारीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. १९९१ पूर्वी कुणी काय बनवायचं आणि किती बनवायचं यासाठी दिल्लीचा परवाना लागे. आकुर्डीला तयार होणाऱ्या स्कूटरसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. गिऱ्हाईक रांगेत, कामगार हजर, तरी परवान्यापेक्षा जास्त गाड्या काढता येत नसत. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणानं बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द केले. आज स्कूटर घ्यायला कुणी वाट बघत नाही. ही पिढी ते सहज विसरते, म्हणून मुद्दाम लिहितो.

निर्यातीचा नळ

आता कांद्याकडे परत येऊ, कारण खरं दुखणं इथं आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानं सरकार साठ्यावर मर्यादा घालू शकतं. परकीय व्यापाराच्या कायद्यानं निर्यात बंद करू शकतं, किंवा ‘अमुक डॉलरच्या खाली विकायचं नाही’ अशी अट घालू शकतं. या अटीला किमान निर्यात मूल्य म्हणतात. कांद्यावर ही सगळी हत्यारं चालवून झाली आहेत. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठवली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठवली. त्याच सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनं शेतमालाच्या विक्रीला मोकळीक देणारे कायदे मंजूर केले. त्यांतल्या एकात लिहिलं होतं की साठ्यावर मर्यादा अपवाद म्हणूनच घालता येईल. ऑक्टोबर संपायच्या आत कांद्याच्या साठ्यावर मर्यादा आली. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं की शेतकरी पुढच्या वेळी कुठल्याच हातावर विश्वास ठेवत नाही.

बंदीचा परिणाम त्या हंगामापुरता राहत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या की तुम्ही अचानक कांदा बंद केलात, मी स्वयंपाक्याला सांगितलं की आता कांद्याशिवाय कर. निदान आधी कळवत जा. बाहेरचा खरेदीदार दुसऱ्यांदा असा अडकला की तो पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतो, स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून आपण निर्यातशुल्क पूर्ण काढलं. तरीही त्या वर्षीच्या पावसाळ्यात भाव पडलेलेच होते. नळ आपल्या बाजूनं उघडला, पण पलीकडच्या माणसानं तोवर दुसरीकडून घागर भरलेली होती.

शरद जोशींनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस चाकणला कांद्याच्याच भावावरून आंदोलन उभं केलं, त्यातून शेतकरी संघटना वाढली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा. त्यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याला लुटणारा सावकार आणि व्यापारी नंतर येतात. शहराला धान्य स्वस्त मिळावं म्हणून सरकारच जाणूनबुजून शेतमालाचे भाव पाडतं. या मांडणीतल्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण कांद्याचा गेल्या काही वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर हा आरोप खोडून काढता येत नाही.

‘मग शहरातल्या गरिबानं कांदा खायचाच नाही का?’

प्रश्न रास्त आहे. मुंबईत हातगाडी ओढणाऱ्याची भाकरीबरोबर कांदा हीच भाजी असते, आणि किलोला ८० रुपये त्याला परवडत नाहीत. बाजाराचा निरोप तो ऐकतो, पण उत्तर द्यायला त्याच्या खिशात काही नसतं. बाजार गरज मोजत नाही, पैशानं मागितलेलं तेवढं मोजतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवलं की धान्याचा साठा पूर्णपणे संपलेला नसतानाही लाखो लोक मेले, कारण ते विकत घेण्याची त्यांची ताकद संपली होती.

महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात यावर जे उत्तर काढलं ते मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. गावोगाव खडी फोडण्याची, नालाबांधांची, पाझर तलावांची कामं काढली. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. लोकांच्या हातात मजुरी आली, आणि मजुरीमागोमाग धान्य आलं. रेशनवर मिळालं ते अपुरं होतं. बाकीचं खासगी व्यापारातून आलं, राज्याबाहेरून धान्य आणण्यावर निर्बंध असतानाही आलं. सरकारनं भाव पाडला नाही, गिऱ्हाईकाची ताकद वाढवली. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्यामागं वि. स. पागे यांनी वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा होता.

कांद्याला हेच लावून बघा. मुंबईतल्या हातगाडीवाल्याला मदत करायची तर ती रेशनकार्डावर करता येते, खात्यात पैसे टाकून करता येते. खर्च सगळ्या देशाच्या करातून होईल. निर्यातबंदीत तीच मदत होते, पण तिचं बिल नाशिक, नगर, पुणे, सोलापूरच्या कांदा उत्पादकाच्या नावावर फाडलं जातं, आणि स्वस्त कांदा हातगाडीवाल्याबरोबर मलबार हिलवरच्या बंगल्यालाही मिळतो.

सरकारकडे राखीव साठ्याचाही मार्ग आहे. २०२३ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत ५ लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं, ऑगस्टमध्ये क्विंटलला २४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली आणि शहरांत किलोला २५ रुपयांनी कांदा विकला. कल्पना चांगली आहे. भाव पडला की घ्यायचं, फार चढला की सोडायचं, म्हणजे दोन्ही टोकं बोथट होतात. फक्त कुठल्या आकड्याला घेणार आणि कुठल्या आकड्याला सोडणार हे हंगामाआधी जाहीर व्हायला हवं. आज चाळीतल्या कांद्याला जरा बरा भाव दिसू लागला की साठा बाजारात उतरतो.

‘तर मग सगळंच मोकळं सोडा की!’

शरद जोशींचे अनुयायी हेच म्हणतात. माझी गाडी इथं अडते, त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण, थांबण्याची ताकद. सौद्यात जो थांबू शकतो तो जिंकतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो खरा, पण वजनात घट येते, काजळी धरते, सड लागते. तिसरा हिस्सा सहज जातो. खरिपाचा लाल कांदा तर तेवढाही टिकत नाही. शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, मुलीचं लग्न असतं. समोरचा व्यापारी आठवडाभर खरेदी बंद ठेवू शकतो. दोघंही कायद्यानं मोकळे आहेत, तरी त्यांची मोकळीक सारखी नाही. २०२० च्या शेती कायद्यांवर पंजाब-हरयाणाच्या शेतकऱ्यांचा आक्षेप याच जातीचा होता: बाहेर मोकळीक द्या, पण मोठी कंपनी समोर आली तर आमच्या बाजूनं कोण उभं राहणार? १९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागं घेत असल्याची घोषणा झाली.

डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात हे फार आधी ओळखलं होतं. सरकारनं हात काढला म्हणजे माणूस स्वतंत्र झाला असं नाही. ज्याच्या हातात पोट आहे त्या मालकाची सत्ता त्याच्यावर येते. म्हणून मूलभूत उद्योग आणि शेतीसुद्धा राज्याच्या मालकीची असावी असं त्यांनी सुचवलं. तो उपाय मला पटत नाही, पण त्यांनी केलेलं निदान बाजूला सारता येत नाही.

दुसरं कारण, सौद्यात नसलेल्या माणसाचं नुकसान. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रसायनांच्या कारखान्यांत स्फोट झाले. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. त्या घरांत राहणाऱ्यांनी ते रसायन विकतही घेतलं नव्हतं आणि विकलंही नव्हतं. रसायनाच्या भावात त्यांच्या जिवाची किंमत धरलेली नव्हती. असं नुकसान घेणारा आणि देणारा मिळून कधीच थांबवणार नाहीत, कारण दोघांनाही त्याची झळ नाही. इथं तपासणी, अंतर, परवाना हवाच, आणि तो देणारा अधिकारी प्रामाणिक हवा.

तिसऱ्या कारणावर थोडक्यात: औषधाच्या गोळीत काय आहे ते गिऱ्हाईकाला खाऊन कळत नाही. कळेल तेव्हा उशीर झालेला असतो. तिथं आधी तपासणाऱ्या यंत्रणेला पर्याय नाही.

‘कांद्यालाही उसासारखा बांधलेला भाव द्या’

ही मागणी मी सगळ्यात जास्त ऐकतो. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत कांदा नाही. उसाला मात्र केंद्र सरकार दर ठरवून देतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर, क्विंटलमागे ३५५ रुपये. भावाची काळजी नाही, म्हणून ज्याला कसंबसं पाणी मिळतं तोही ऊस लावतो. मराठवाड्यात उसाचे मळे आणि कारखाने वाढले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. एकट्या उसामुळं ते झालं असं मी म्हणणार नाही, पाऊसच दोन वर्षं रुसला होता. पण बांधलेला भाव हाही निरोपच असतो, आणि त्या निरोपात पाण्याची टंचाई कुठंच लिहिलेली नव्हती. कांद्याचा भाव असा बांधला तर दुसऱ्या वर्षी सगळा महाराष्ट्र कांदा लावील आणि तो घेणार कोण, साठवणार कुठं?

पाटाचं पाणी वाटतं कोण?

बाजार आणि सरकार यांच्या पलीकडे तिसराही मार्ग असतो, आणि तो कांद्याच्याच पट्ट्यात जुना आहे. बागलाण आणि साक्रीकडे मोसम, पांझरा या नद्यांवर शतकानुशतकं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी तोटा सगळ्यांत वाटला जातो. पाटकरी पाणी सोडतो, पंच तंटे मिटवतात. पाण्याला भाव नव्हता, सरकारचा कारकूनही नव्हता. नियम मात्र कडक होते, ते वापरणाऱ्यांनीच केलेले होते, आणि पेरणीआधी सगळ्यांना ठाऊक असायचे. लोक एकत्र येऊन सामाईक साधनं अशी सांभाळू शकतात हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच वाटेवर: एकट्या शेतकऱ्याला थांबायची ताकद नाही, तर हजारोंनी मिळून ती कमवायची. पुढं कित्येक कारखान्यांत सभासद बाजूला पडला, घराणी बसली, आणि तोट्यातले कारखाने कवडीमोलानं खासगी हातांत गेले. हे लिहिताना वाईट वाटतं. तरीही चाळ, प्रतवारी आणि विक्री एकत्र करणाऱ्या शेतकरी कंपन्यांकडे मी आशेनं बघतो, कारण वांधा करणाऱ्यासमोर एकटा मामा गप्प बसतो, दोनशे जणांची कंपनी बसत नाही.

फडाच्या नियमांतली एक गोष्ट मला सरकारच्या नियमांत हवी आहे: ते पेरणीआधी ठाऊक असणं. काटा तपासा, लिलाव उघडा ठेवा, संगनमत पकडा, पैसे वेळेत द्यायला लावा. हे नियम कितीही कडक असले तरी त्यांच्यावर हिशोब मांडता येतो. ‘भाव अमुकच्या वर गेला तर राखीव साठा सोडू, निर्यात बंद करणार नाही’ हेही वर्षभर आधी सांगितलं तर शेतकरी त्यावर पीक ठरवू शकतो. रात्री निघून सकाळी लागू होणाऱ्या अधिसूचनेवर कुणालाच काही ठरवता येत नाही.

एका उळ्याचं वर्ष

ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्यानं उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकलं, त्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. वाफ्यात बी पडलं तेव्हा निर्यातीवर ४० टक्के शुल्क होतं. महिना संपता संपता टनाला ८०० डॉलरच्या खाली निर्यात नाही, ही अट आली. डिसेंबरात रोपं लावणीला आली आणि ८ तारखेपासून निर्यातच बंद झाली. दोन-तीन आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याच्या आसपास उतरला. बंदी ३१ मार्चपर्यंत आहे असं सांगितलं होतं. आपला कांदा एप्रिलमध्ये निघेल, तोवर दार उघडलेलं असेल, या हिशोबानं त्यानं लावण केली, रात्रीच्या विजेवर पाणी भरलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाती माना टाकू लागल्या असताना, बंदी बेमुदत वाढली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला नाशिकच्या कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत लोकसभेचं मतदान झालं आणि केंद्रात मंत्री असलेल्या उमेदवार तिथं पडल्या. १३ सप्टेंबरला किमान मूल्याची अट निघाली, शुल्क निम्मं झालं. त्याच्या चाळीतला बराच कांदा तोवर सडून आणि वाळून गेला होता, आणि बाहेर पुढच्या उळ्यासाठी वाफे तयार होत होते.